घरटी एक गाणं

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला सहसा धक्का बसत नाही. नळाला पाणी का येत नाही हे विचारायला आलेल्या इतक्या माणसांची तोंडं मी पाहिली आहेत, की निवृत्तीच्या दिवशीच मी बायकोला सांगून टाकलं होतं, आता आश्चर्य वाटण्याचं माझं खातं बंद झालं. ते यंदाच्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत मी असा काही हादरत राहिलो, की अजूनही दारावरची घंटा वाजली तरी दचकतो. आणि हे सगळं एका गाण्यापायी. तेही मी न गायलेल्या.

आमच्या आळीत महत्त्वाची गोष्ट कुणी तोंडी सांगत नाही. एक हिरवी फाईल घरोघर फिरते. आपण वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात ठेवून यायचं. भूकंप झाला तर कुठे जमायचं आणि काचेच्या बाटल्या कोणत्या वारी टाकायच्या, या दोन्ही गोष्टी ती सारख्याच गंभीरपणे सांगते. ऑगस्टमधल्या एका सोमवारी फाईलमध्ये कागद होता तो ज्येष्ठांच्या दिवसाचा. आळीच्या सभागृहात दुपारी एक ते चार कराओके. घरटी एक माणूस, माणशी एक गाणं. गाणं शोवा काळातलं हवं, म्हणजे आमच्या तारुण्यातलं. एकदा म्हटलेलं गाणं दुसऱ्याने म्हणायचं नाही. शिक्का मारल्यावर खाडाखोड चालणार नाही.

आता मी जन्मात कधी चारचौघांत गायलो नव्हतो. कचेरीच्या मेजवान्यांत माझं काम साहेबांचा पेला भरायचा आणि त्यांचं गाणं संपलं की पहिली टाळी वाजवायची. या कामात मी तरबेज होतो. पण गेल्या वर्षी याच कार्यक्रमात तोफूवाला ओगिवारा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कुराशिनासान आहेत म्हणून बरं! टाळ्या वाजवायलाही कुणीतरी लागतंच ना!" लोक हसले. मीही हसलो. वर्षभर मात्र त्याच्या दुकानातला तोफू मला कडू लागत होता.

म्हणून मी फाईल उघडली आणि क्षणाचाही विलंब न लावता 'कुराशिना त्सुनेओ' असं ठसठशीत लिहून शिक्का मारला. गाण्याच्या रकान्यापाशी हात थबकला. रकाना रिकामा ठेवणं हा नियमभंग, हे मला कळतं. मी लिहिलं, 'अजून ठरलेलं नाही', आणि फाईल शेजारच्या नेमोतोबाईंच्या दारात ठेवून आलो.

तेवढ्यात माझी बायको सुमिए कपडे वाळत घालून रिकामी टोपली घेऊन आत आली.

"अहो, फाईल आली होती का?"

"आली, वाचली, पुढे धाडली."

"काय होतं तिच्यात?"

मी सांगितलं.

"मग घरातर्फे कुणाचं नाव दिलंत?"

"कुणाचं म्हणजे? माझं!"

"बरं," ती म्हणाली.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिचे सात-आठ प्रकारचे 'बरं' ओळखता यायला लागले आहेत. हे त्यांतलं नव्हतं. पण मी गाण्याच्या विचारात होतो, त्यामुळे तिकडे लक्ष दिलं नाही.

गाणं निवडणं सोपं असेल अशी माझी कल्पना होती. दुसऱ्याच दिवशी तोफू आणायला गेलो तेव्हा ओगिवाराने सुरी हातात घेऊनच विचारलं, "काय म्हणताय मग यंदा?"

"आहे एक डोक्यात. ते बंदरावरचं. बोट सुटते आणि ती किनाऱ्यावर उभी असते—"

सुरी थांबली. "कुराशिनासान, बंदर माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"बावीस वर्षं मी बंदर गातोय. बंदर, बोट, धुकं, सीगल. यांतलं काहीही असलं तर ते माझ्याकडे येतं. विचारा कुणालाही."

मी विचारलं, आणि ते खरं निघालं. फाईलमधल्या नियमांच्या खाली न लिहिलेले नियम होते. प्रत्येकाचं एक हक्काचं गाणं असतं आणि दुसऱ्याच्या हक्काच्या गाण्याला हात लावणं म्हणजे त्याच्या घरात चपला घालून शिरणं, हे मलाही माहीत होतं. साहेबांचं गाणं साहेबांसमोर कुणी म्हटलं असतं तर त्याची बदली डोंगरातल्या पंपावर झाली असती. पण आमच्या आळीत गाणीच नव्हे, तर आख्खे प्रांत वाटून घेतलेले होते. बर्फ नेमोतोबाईंचं. रेल्वे स्टेशन, फलाट आणि शेवटची गाडी दातांच्या डॉक्टरांची. साके आणि एकटा पिणारा पुरुष नेमोतोबाईंच्या दिवंगत यजमानांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली तरी त्या पेल्याला कुणी हात लावत नाही, मान म्हणून. आता बंदर नाही, बर्फ नाही, स्टेशन नाही आणि दारू नाही, असं आमच्या तारुण्यातलं गाणं कुठून आणायचं? आमच्या पिढीने प्रेमभंग या चारच ठिकाणी केले.

सल्ल्यासाठी मी आळीच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. उराबेसेन्सेई शाळेचे हेडमास्तर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण अजून समोरचा माणूस गृहपाठ न करता आलाय अशाच नजरेने बघतात. आमची आणि त्यांची भिंत एक आहे, हे आणखी एक दुर्दैव.

"घसा हा दुय्यम अवयव आहे," ते म्हणाले. "गाणं निवडतं ते चारित्र्य." मग त्यांनी मला चार पानी मार्गदर्शिका दिली. साडेचार मिनिटांहून मोठं गाणं नको. पहिल्या तासात रडवणारं गाणं नको, कारण तेव्हा लोक जेवून आलेले असतात. दुसऱ्याच्या बायकोवरचं प्रेम अडीचच्या आधी नको.

"आणि कुराशिनासान, तुमचं गाणं मी काही ऐकलेलं नाही. पण नाव आवडलं. छापायला दिलंय."

"कुठलं गाणं?"

उत्तरादाखल त्यांनी छापील कार्यक्रमपत्रिका पुढे केली. चौदाव्या क्रमांकावर, सुबक अक्षरांत, होतं: 'कुराशिना त्सुनेओ: अजून ठरलेलं नाही'.

मी पत्रिकेची घडी घालून खिशात टाकली. हेडमास्तरांना चूक दाखवायची म्हणजे माझं रकाना भरण्याचं अज्ञान आधी कबूल करायला हवं होतं. घरी येताना नेमोतोबाई दारात झाडत होत्या. म्हणाल्या, "काय सुंदर निवड हो! ती मुलगी लग्नाला हो म्हणत नाही तेच ना? मला दुसरं कडवं अजून पाठ आहे." आणि त्यांनी झाडू छातीशी धरून डोळे मिटले. मी तिथून पळालो.

शेवटी निश्चय केला की गुपचूप सराव करून गाणं शोधायचं. बुधवारी सकाळी सुमिए गुडघ्यांच्या व्यायामाला जाते आणि बाजार करून साडेबाराला परतते. तेव्हा बुधवार ठरला. स्टेशनजवळच्या कराओकेच्या दुकानात मी अकराला पाच मिनिटं असताना पोचलो. एकट्याने जायची लाज वाटत होती. म्हणून काउंटरवर कुणी विचारलंच तर 'बाकीचे मागून येताहेत' असं म्हणायची तयारी केली होती. आत पाहतो तर बाकावर माझ्याच वयाची सहा माणसं, प्रत्येक जण एकटा, हातात थर्मास, खोली रिकामी व्हायची वाट बघत बसलेली! त्यांतले एक तर आमच्या खात्याचे जुने लेखापाल होते. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही.

काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी सभासदाचा अर्ज भरला. नाव, पत्ता, फोन. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला आणि अदबीने म्हणाल्या, "तुमची नेहमीची सात नंबरची खोली. आत्ताच रिकामी झाली आहे."

पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला 'तुमची नेहमीची' म्हणतात! धंदा करावा तर असा, असं मनात म्हणत मी बाकावरच्या सहा जणांच्या नाकावर टिच्चून आत गेलो.

खोलीत सोफा, पडदा आणि ते यंत्र. यंत्राच्या पाटीवर लाखभर गाणी होती आणि मला एकही आठवेना. सगळं आयुष्य साहेबांची गाणी ऐकण्यात गेलेलं. कुठलीशी कळ दाबली आणि एक यादी उघडली. माझ्याआधी या खोलीत बसलेल्या माणसाने म्हटलेली गाणी! बारा होती. वाचत गेलो तसा मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो. बंदर नाही. बर्फ नाही. फलाट नाही. पेला नाही. 'एप्रिलचं उशिराचं पत्र'. 'सायकलवरची भावंडं'. 'वाळत घातलेला सदरा'. ही गाणी मी विशीत, भाड्याच्या खोलीत, उसन्या रेडिओवर ऐकली होती आणि पार विसरून गेलो होतो. आणि प्रत्येक गाण्यापुढे यंत्राने दिलेले गुण होते. शहाण्णव. पंच्याण्णव. 'वाळत घातलेला सदरा' सत्त्याण्णव!

मी तोच सदरा काढला. दुसऱ्या मजल्यावर राहणारी बाई नवऱ्याचा सदरा वाळत घालते, सदरा वाळतो, संध्याकाळ होते, आणि तो अजून आलेला नसतो. गाण्यात एवढंच घडतं. मी उभा राहून ते शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. यंत्राने एकसष्ट गुण दिले आणि खाली लिहिलं, 'मनापासून गायलात. सुरांकडेही लक्ष द्या.' सरकारी माणसाशी असं बोलायची हिंमत माणसांत नाही, यंत्रांत आली आहे.

पुढच्या बुधवारी पुन्हा सात नंबर, पुन्हा तीच यादी, एक-दोन गाण्यांचा फरक. सदरा होताच. गुण अठ्ठ्याण्णव. मला त्या अनोळखी माणसाने झपाटलंच. निवृत्त संगीतशिक्षक असणार. पांढरे केस, विधुर, हातात छत्री. त्या रात्री जेवताना मला राहवेना आणि मी सराव करतोय हे सुमिएला सांगून टाकलं.

"काय सांगू तुला! असा एक माणूस आहे तिथे. काय निवड, काय गुण! आपल्या गावात असा माणूस राहतो आणि आपल्याला पत्ता नाही. अशा माणसाच्या सहवासात राहायला भाग्य लागतं, भाग्य!"

सुमिएच्या जेवायच्या काड्या मुळ्याच्या लोणच्यावर थांबल्या. "कुठली खोली देतात तुम्हाला?"

"सात."

"बरं," ती म्हणाली. हेही नवीनच 'बरं' होतं. मग तिने मला न विचारता आणखी लोणचं वाढलं.

तिसऱ्या बुधवारपर्यंत माझं एकसष्टवरून चौसष्ट झालं आणि ठरलं: सदराच गायचा. पण गाणं तर त्या माणसाच्या हक्काचं. त्याला न विचारता म्हणणं मला शोभलं नसतं. काउंटरवर जाऊन मी म्हटलं, "माझ्याआधी सात नंबरमध्ये असतात त्यांचं नाव हवंय. एका गाण्याची परवानगी मागायची आहे."

बाई गोंधळल्या. "पण तुम्हाला ते माहीतच असेल की."

"माहीत असतं तर विचारलं असतं का?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. "साहेब, गिऱ्हाइकाची माहिती देता येत नाही. तुम्हाला माहीत असतं तर सांगायला हरकत नव्हती. माहीत नाही म्हणताय, तर सांगता यायचं नाही."

अडतीस वर्षांत मी स्वतः असली उत्तरं शेकड्यांनी दिली आहेत, पण समोरच्या बाजूने ऐकायची ही पहिलीच वेळ. मी पायरी ओळखून विचारलं, "त्यासाठी अर्ज असेल ना?"

अर्ज होता. मी भरला. 'संबंधित व्यक्तीशी नातं' या रकान्यात मी जरा थांबून लिहिलं, 'शिष्य (इच्छुक)'. बाईंनी तो वाचला. "एकाच पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबीयांनाच माहिती देता येते," त्या म्हणाल्या आणि अर्ज मला परत द्यायला लागल्या. मग मध्येच हात थांबला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, 'शिष्य (इच्छुक)' यावर हलकेच रेघ मारली आणि अर्ज पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"साहेब," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "इथे 'पती' लिहा."

मी काय केलं ते मला आठवत नाही. बाकावरच्या लेखापालांनी मला थर्मासमधला चहा पाजला, एवढं नंतर कळलं. पहिल्या बुधवारपासून ते मला ओळखून होते, हे त्या दिवशी उघडकीला आलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी भाताकडे बघत म्हटलं, "सात नंबरची खोली."

सुमिएने काड्या खाली ठेवल्या. "कळलं का."

"अकरा वर्षं! काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अकरा वर्षं दर बुधवारी!"

"बारा. पहिलं वर्ष दुसऱ्या दुकानात जात होते. तिथले सोफे वाईट होते."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"अगं, पण मला कधी सांगितलं नाहीस!"

"आतामीनंतर कुठल्या तोंडाने सांगायचं?"

आतामी? मी डोक्याला ताण दिला. आतामीला आम्ही एकदाच गेलो होतो. लग्न झालं त्याच वर्षी, कचेरीची सहल, गरम पाण्याचे झरे, रात्री मोठ्या खोलीत चटयांवर मेजवानी. साहेबांनी नव्या नवरीला गायला लावलं होतं आणि तिने काहीतरी म्हटलं होतं. संपल्यावर साहेब खूश होऊन म्हणाले, "कुराशिना, बायको काय गाते रे!" आणि मी चटईला कपाळ टेकवून म्हणालो होतो, "छे छे, साहेब! कानांना त्रास झाला असेल. माफ करा."

आता यात माझं काय चुकलं? आपल्या माणसाची कुणी स्तुती केली की ती तिथल्या तिथे धुऊन टाकायची, हे आमच्याकडे बोलायला शिकण्याआधी शिकवतात. मुलगा शाळेत पहिला आला तरी 'ठोंब्या आहे हो'. बायकोने राबून पंधरा पदार्थ केले तरी 'घरात काहीच नाही, चालवून घ्या'. त्या रात्री मी 'हो, छान गाते' म्हणालो असतो तर साहेबांना वाटलं असतं मला वेड लागलं.

मी हे सगळं सुमिएला समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मला का ठाऊक नाही? तसंच म्हणायचं असतं. माझे वडील आईबद्दल तेच म्हणाले असते. मला राग नाही आला." तिने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "मला वाटलं, परत येताना आगगाडीत तुम्ही दुसरं वाक्य म्हणाल. ते लोकांसाठी होतं, हे माझ्यासाठी. गाडीत नाही म्हणालात. म्हटलं शेजारी साहेब बसलेत, घरी गेल्यावर म्हणतील. मग म्हटलं नव्या वर्षाला म्हणतील. मग युइची झाला, मग त्याच्या शाळा. मग मी वाट बघणं सोडलं आणि गुडघे धरले."

विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला त्या क्षणी फार लाज वाटली. एवढी लाज मला मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हाही वाटली नव्हती, आणि ती माझ्या सहीने फुटली होती.

"अगं, छानच गायली होतीस तू—" मी घाईघाईने म्हणालो.

"काय गायले होते?"

खरं सांगायचं तर मी तेव्हा साहेबांच्या पेल्याकडे बघत होतो. अर्ध्यावर आला होता.

"बघा. सत्त्याण्णव यंत्राने दिलेत. तुम्ही मला ऐकलंच कुठे आहे?"

"मग आत्ता गा."

"इथे? भिंतीला लागून उराबेसेन्सेई झोपलेत." ती भांडी गोळा करायला लागली. "यंदा म्हटलं होतं, फाईल आली की आपण नाव द्यायचं. मग बघू काय होतं ते. तर तुमचा शिक्का पडला होता."

घरटी एक माणूस. आणि तो ठोंब्या मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी उराबेसेन्सेईंच्या समोर गुडघे टेकून बसलो. "नाव बदलायचं आहे. माझ्याऐवजी बायको गाईल."

"नियम अकरा," ते पान उघडूनच म्हणाले. "नाव बदलता येतं ते मृत्यू किंवा आजारपण यामुळे. तुमचं यांतलं काय झालंय?"

थोडा विचार करून मी आजारपण निवडलं. "आवाज बसलाय," मी खणखणीत आवाजात म्हणालो.

"असं?"

"आत्ताच बसतोय," मी जरा खाली येत म्हणालो. "बसला," असं शेवटी कुजबुजलो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दुरुस्तीचा कागद काढला. त्यावर पाच घरांचे शिक्के लागत होते. प्रत्येक घरी जाऊन, पाटीवर लिहून, मुका मी त्या सगळ्यांची सहानुभूती घेत हिंडलो. ओगिवाराने घशासाठी मधात बुडवलेला मुळा दिला. हा माणूस इतका चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं आणि त्याचंही मला दुःख झालं. नेमोतोबाईंनी तर जाड पातीचा कांदा निखाऱ्यावर भाजून, फडक्यात गुंडाळून स्वतः माझ्या गळ्याभोवती बांधला. "कार्यक्रमापर्यंत सोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "अरेरे, आणि मला ते दुसरं कडवं ऐकायचं होतं!" पुढचे बारा दिवस मी गळ्यात कांदा बांधून आळीत फिरत होतो. आमच्या दारात मांजरही फिरकेना.

सुमिएने कागद पाहिला. "तुमचा घसा ठणठणीत आहे."

"कागदोपत्री बसलाय."

"लोकांना फसवणं बरं नव्हे," ती म्हणाली. पण संध्याकाळी तिने जांभळा ठिपक्यांचा झंपर इस्त्रीला काढलेला मी पाहिला.

सोमवारी दुपारी सभागृह भरलं. ओगिवाराने बंदर गायलं, धुक्यासकट. नेमोतोबाईंचं बर्फ पडून गेलं. डॉक्टरांची शेवटची गाडी सव्वादोनला सुटली. मग चौदावा क्रमांक. सुमिए उठली, झंपर सारखा केला, माइक दोन्ही हातांत धरला आणि पडद्याकडे न बघता गायला लागली. 'वाळत घातलेला सदरा'.

मला संगीतातलं कळत नाही. एवढंच सांगतो, की पहिली ओळ संपायच्या आत माझ्या अंगावर काटा आला. आवाज मोठा नव्हता, थोडा खालचा, घरातल्या घरात बोलावा तसा. मी म्हटलं होतं तेव्हा ते वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं. ती म्हणत होती तेव्हा त्या बाईला माहीत होतं की तो येणार नाही, आणि तरी ती सदऱ्याच्या कॉलरला पडलेली सुरकुती हाताने सरळ करत होती. हा आवाज बारा वर्षं दर बुधवारी माझ्या घरातून बाहेर जायचा आणि दुपारी वांगी घेऊन परत यायचा. मी त्या वांग्यांना मीठ कमी आहे म्हणून नावं ठेवली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात कांद्याचा दोष नव्हता.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. उराबेसेन्सेई स्वतः उठून उभे राहिले.

"कुराशिनासान!" ते म्हणाले. "तुमच्या मंडळींचा आवाज काय अप्रतिम आहे! इतकी वर्षं आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत!"

साठ माणसं माझ्याकडे वळली. मला फक्त मान खाली घालायची होती. मी अधिकृतपणे मुका होतो, पाच शिक्क्यांनिशी. गळ्यात पुरावा बांधलेला होता. आणि खरोखर माझी मान आपली आपणच वाकायला लागली, कपाळ चटईच्या दिशेने निघालं, तोंडात 'छे छे' तयार झालं. सुमिए माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

मी उठून उभा राहिलो.

"हो," मी म्हणालो. "फार सुंदर गाते. एकेचाळीस वर्षांपूर्वी मी खोटं बोललो होतो."

माणसाने स्वतःच्या बायकोची, तीही तिच्या तोंडावर, तीही चारचौघांत स्तुती केली! डॉक्टरांचा आ वासलेला राहिला. कुणाच्या तरी हातातून पेला पडला. पाचेक सेकंदांनी दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात आली.

"अहो, हे बोलताहेत!" ओगिवारा ओरडला.

"कांदा लागू पडला!" नेमोतोबाई हात जोडून किंचाळल्या. उराबेसेन्सेई खाली बसले आणि मार्गदर्शिकेची पानं उलटायला लागले. सुमिए कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती.

घरी येताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

"चारचौघांत असं बोलतात का?" ती मागे न वळता म्हणाली. "नेमोतोबाई काय म्हणतील! उद्या तोफू आणायला कुणी जायचं? मी नाही जायची. आणि ते खोटं बोललो वगैरे कशाला सांगायचं? घरातल्या गोष्टी!"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच."

घरात आल्यावर तिने दाराला कडी लावली. उराबेसेन्सेईंच्या बाजूची खिडकी बंद केली. मग माझ्या गळ्यातला कांदा सोडून कचऱ्यात टाकला, हात धुतले आणि माझ्यासमोर नीट गुडघे दुमडून बसली.

"हं. आता म्हणा."

"काय?"

"मघाचं. फक्त पहिलं. बाकीचं नको."

"फार सुंदर गातेस," मी म्हणालो. साठ माणसांपुढे जमलं होतं, इथे माझा आवाज खरोखरच बसला.

तिने खाली बघत ऐकून घेतलं. मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "एकेचाळीस वर्षांचं आहे. एकदा म्हणून भागायचं नाही."

मी बसलो आणि पुन्हा म्हणालो.